दुर्बिणीसाठी हवामानाचा अंदाज वाचताना

मोबाइलवरचे नेहमीचे हवामान ॲप मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायला बनवलेले असते: छत्री घ्यायची की नाही? आठ-दहा किलोमीटर उंचीवर सिरस ढगांचा पातळ पडदा पसरला असला, तरी असे ॲप बिनदिक्कत 'निरभ्र' म्हणते. छत्रीवाल्याला त्याने काही फरक पडत नाही. अंधूक दीर्घिकेचे छायाचित्र घेणाऱ्याची मात्र रात्र गेलेली असते. म्हणून चंद्र-ढगांची चित्रे सोडून आकड्यांकडे वळावे, आणि तेही ढगांच्या एकूण टक्केवारीकडे नव्हे.

खालचे (साधारण २ किमीपर्यंतचे), मधले आणि वरचे (साधारण ६ किमीच्या वरचे) ढग वेगवेगळे दाखवणारी सेवा निवडावी. मीटिओब्लूचे खगोलनिरीक्षणासाठीचे पान आणि क्लिअर आउटसाइड तासागणिक असा तक्ता देतात. विंडी व व्हेंटुस्काय हेच थर नकाशावर दाखवतात. सेव्हनटायमर ढगांचा एकच एकूण आकडा देते, पण सोबत सीइंग (प्रतिमा किती थरथरते) आणि पारदर्शकता (प्रकाश किती अडतो) यांचा अंदाजही देते. थर वेगळे पाहण्याचा फायदा लगेच कळतो. खालचे ढग ९० टक्के असतील तर दुर्बीण पेटीतच राहू द्यावी. वरचे ढग ६० टक्के आणि बाकीचे शून्य असतील, तर छायाचित्रण सोडावे, पण चंद्र, गुरू, शनी आणि जोडतारे बहुधा नीट दिसतात. संध्याकाळी ३० टक्के खालचे ढग दिसत असतील, तर ते कुठल्या जातीचे हे पाहावे. जमीन तापून वर उठलेले सुटे पुंजके सूर्यास्तानंतर तास-दोन तासांत विरतात. समुद्रावरून सरकत येणारा सपाट थर मात्र रात्री उलट दाटत जातो. दोन्हींचा आकडा एकच असू शकतो.

आता हे आकडे येतात कुठून? बहुतेक ॲप स्वतः काहीच भाकीत करत नाहीत. ती मोठ्या हवामान केंद्रांच्या संगणकीय मॉडेलांचे आकडे मांडून दाखवतात. जगभरासाठी तीन मॉडेले मुख्य आहेत: अमेरिकेचे जीएफएस, युरोपीय केंद्राचे (ईसीएमडब्ल्यूएफचे) आयएफएस आणि जर्मन हवामान सेवेचे आयकॉन. जीएफएस आणि आयकॉन पृथ्वीला सुमारे १३ किमीच्या चौकटींत विभागतात, आयएफएस सुमारे ९ किमीच्या. पाच ॲप एकमुखाने 'आकाश स्वच्छ' म्हणत असली आणि पाचही जीएफएसच वाचत असली, तर ते पाच जणांचे मत नव्हे, एकाचेच. म्हणून ॲपच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेले मॉडेलचे नाव आधी शोधावे. नाव कुठेच दिलेले नसेल, तर ते ॲप या कामासाठी बाद.

विश्वास किती ठेवायचा, हे दोन गोष्टींवरून ठरवता येते. तिन्ही मॉडेले त्या रात्रीबद्दल एकच सांगतात का, ही पहिली. एकाच मॉडेलचे लागोपाठचे अंदाज स्थिर आहेत का, ही दुसरी. जीएफएस दिवसातून चार वेळा, ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) नव्याने चालवले जाते; निकाल हाती यायला आणखी काही तास जातात. चार अंदाजांत ढगांची कड दरवेळी शंभर किलोमीटर इकडे-तिकडे उडी मारत असेल, तर शेवटचा अंदाज कितीही छान दिसो, तो कच्चाच समजावा. आठवडाभर आधीच्या तासवार तक्त्याकडे तर पाहूच नये. तेवढ्या अंतरावर फक्त हवेचा एकूण रोख कळतो. तीन दिवस आधी बेत आखावा, चोवीस तास आधी तास निवडावेत.

मॉडेल ढगांतच जास्त का चुकते, याला कारण आहे. तापमान किंवा वायुदाब सावकाश बदलतो, तर ढग हा उंबरठ्यावरचा मामला आहे. हवा संपृक्त होण्याच्या, म्हणजे आणखी बाष्प मावेनासे होण्याच्या जवळ असताना आर्द्रतेत दोन-तीन टक्क्यांची चूक झाली, की कोऱ्या आकाशाच्या जागी ढगांचा थर येतो. शिवाय चौकटीतली टेकडी आणि दरी मॉडेलमध्ये सपाट होऊन एकच सरासरी उंची उरते. त्यामुळे दरीतले धुके आणि डोंगरमाथ्याला अडलेले ढग त्याच्या नजरेतून निसटतात. निरीक्षणाची जागा उंचावर असेल, तर ॲप तिथली उंची किती धरते ते तपासावे. तीनशे मीटरचा फरक असेल, तर तापमान आणि दव यांचे आकडे त्या जागेचे नाहीतच.

वेळेची एक साधी चूक फार महागात पडते. रात्र दोन तारखांमध्ये विभागलेली असते. शनिवारी रात्रीच्या बेतासाठी पहाटे दोनचे ढग पाहायचे, तर ते रविवारच्या रकान्यात असतात. काही तक्ते यूटीसीत असतात, काही स्थानिक वेळेत. तक्त्याच्या माथ्यावर काय लिहिले आहे ते दरवेळी वाचावे.

निघण्याआधीच्या तीन तासांत मॉडेल मिटून उपग्रहाची चित्रे उघडावीत. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किमी उंचीवरून पृथ्वीच्या त्याच भागाकडे पाहत राहतात. जपानचा हिमावारी-९ तर दर दहा मिनिटांनी पूर्ण चकतीचे चित्र घेतो. सलग चित्रे चालवून ढगांच्या कडेचा वेग मोजावा. दोन तासांत कड १२० किमी सरकली, म्हणजे वेग ताशी ६० किमी. ती अजून १८० किमी दूर असेल, तर हाती तीन तास आहेत. वाटेत ढग नव्याने बनले किंवा विरले तर हे गणित कोलमडते, म्हणून दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे.

रात्रीच्या चित्रांत एक फसवणूक आहे. १०.८ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त चित्र खरे तर तापमानाचा नकाशा असतो: थंड ते पांढरे, उबदार ते काळे. उंच ढग थंड, म्हणून ठळक दिसतात. धुके आणि अगदी खालचे ढग जवळपास जमिनीइतकेच उबदार असतात, म्हणून ते दिसतच नाहीत; चित्रात सगळे काळेभोर आणि जमिनीवर दाट धुके, असे सहज घडते. १०.८ आणि ३.९ मायक्रॉनच्या चित्रांतल्या फरकावरून बनवलेले 'रात्रीचे धुके' नावाचे रंगीत चित्र ही उणीव भरून काढते. ते मिळत असेल तर तेच पाहावे.

जवळच्या विमानतळाचा मेटार, म्हणजे तिथल्या हवामानाच्या ताज्या नोंदींचा अहवालही उपयोगी आहे, पण तो वैमानिकांसाठी लिहिलेला असतो. त्यातल्या 'कॅव्होक' या शब्दाने हौशी निरीक्षक हुरळून जातात. त्याचा अर्थ दृश्यमानता १० किमी किंवा अधिक, साधारण ५,००० फुटांखाली ढग नाही आणि गडगडाटी ढग नाहीत, एवढाच. त्यावर सिरसचे आख्खे छत असू शकते. या अहवालातून घेण्यासारखे असते ते तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरू लागते ते). हे दोन्ही आकडे अंदाज नव्हेत, प्रत्यक्ष मोजलेले असतात.

ढग नाहीत म्हणजे रात्र चांगली, असेही नाही. सीइंग म्हणजे हवेच्या खळबळीमुळे प्रतिमा किती थरथरते ते. पारदर्शकता म्हणजे प्रकाश किती अडतो ते. दोन्ही बरेचदा उलट दिशेने जातात. पाऊस पाडून गेलेल्या थंड हवेच्या मागे आकाश धुतलेले, काळेशार असते, पण तारे जोरात लुकलुकतात. ती रात्र दीर्घिका आणि तेजोमेघांची. जास्त दाबाखाली हवा दिवसेंदिवस साचून राहिली, की आकाश धुरकट दिसते आणि शनीची कडी मात्र चित्रासारखी स्थिर असतात. सीइंगसाठी २५० हेक्टोपास्कल पातळीवरचा, म्हणजे साधारण १०.५ किमी उंचीवरचा वारा पाहावा. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा डोक्यावर असून वेग ताशी १४० किमीच्या पुढे असेल, तर ग्रहांवर वेळ घालवू नये. वेग कमी असला म्हणून सीइंग चांगलेच असेल, अशी खात्री मात्र नाही. दिवसभर तापलेले काँक्रीट आणि दुर्बिणीच्या नळीतली गरम हवा कुठल्याच मॉडेलला दिसत नाही.

पारदर्शकतेसाठी युरोपच्या कोपर्निकस सेवेचा हवेतल्या सूक्ष्म कणांचा अंदाज पाच दिवसांसाठी मिळतो. ५५० नॅनोमीटरवरचा 'ऑप्टिकल डेप्थ' (हे कण प्रकाश किती अडवतात त्याचे माप) ०.२ असेल, तर डोक्यावरचा तारा त्या कणांमुळे सुमारे ०.२ प्रतीने (ताऱ्याच्या तेजाच्या एककाने) मंद होतो. क्षितिजापासून ३० अंशांवर प्रकाशाला दुप्पट हवा ओलांडावी लागते, तिथे ०.४. ऑप्टिकल डेप्थ ०.८ झाला, तर त्या उंचीवर पावणेदोन प्रती गेल्या. 'ढग शून्य टक्के' असलेली बेकार रात्र बहुतेक वेळा अशीच असते.

दवाचे गणित तोंडीही करता येते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल, तर १०० मधून ती वजा करून पाचाने भागावे. हवेच्या तापमानापेक्षा दवबिंदू तेवढा खाली. २० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू सुमारे १७. तीन अंशांचे अंतर पुरेसे वाटते, पण उघड्या आकाशाकडे तोंड केलेली काच उष्णता बाहेर टाकून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि तेवढ्यातही ओली होते. म्हणून अंतर चार अंशांच्या आत येणार असेल, तर दव-पट्टा (काच किंचित उबदार ठेवणारा विजेचा पट्टा) सुरुवातीपासूनच चालू ठेवावा. काच धुरकटल्यावर लावला, तर ती सुकायला बराच वेळ जातो. ओली काच कापडाने पुसू नये. हेच अंतर अंश-दीड अंशावर येणार असेल, वारा जवळपास थांबणार असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर मध्यरात्रीनंतर धुके धरून चालावे, मग ढगांच्या रकान्यात शून्य का असेना.

वाऱ्याचा अंदाज जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो. आडोशाला तो कमी लागतो. छायाचित्रणासाठी सरासरीपेक्षा झोतांचा रकाना महत्त्वाचा, कारण एक झोत पाच मिनिटांचे चित्र वाया घालवतो.

एकाच जागेवरून नेहमी निरीक्षण करणाऱ्यांनी एक तक्ता ठेवावा: मॉडेलचे नाव, अंदाज कोणत्या वेळचा, तिन्ही थरांचे आकडे, आणि शेजारी प्रत्यक्षात काय दिसले. न गेलेल्या रात्रींचीही नोंद हवी, नाहीतर अंदाज 'ढगाळ' सांगून आकाश स्वच्छ निघालेल्या रात्री हिशेबातच येत नाहीत. एखादे मॉडेल त्या जागी खालचे ढग नेहमीच उशिरा हटवते, अशा खोडी यातून लक्षात येतात. या नोंदी कायमच्या नसतात, कारण केंद्रे मॉडेले बदलत राहतात. मार्च २०२१ मध्ये जीएफएसची १६वी आवृत्ती आली, तेव्हा वातावरणाचे थर ६४ वरून १२७ झाले. असा बदल जाहीर झाला की जुन्या नोंदींखाली रेघ मारून तक्ता नव्याने सुरू करावा.