जोआन्नियाचा ताईत

इजिप्तमधील ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यांत १८९६ साली ग्रेनफेल आणि हंट या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी उत्खनन सुरू केले आणि पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून बनवलेल्या कागदासारख्या लेखनसाहित्याचे, प्रचंड भांडार उजेडात आले. त्यात इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एक अरुंद पट्टी होती. तिची घट्ट घडी घालून वर दोरा बांधलेला होता. जोआन्निया नावाच्या एका स्त्रीसाठी लिहून दिलेला तो ताईत होता.

त्यावरील ग्रीक मजकुराच्या आरंभी क्रूस आहे आणि लगेच आज्ञा आहे: ‘दुष्ट आत्म्या, पळ! ख्रिस्त तुझा पाठलाग करतो आहे.’ पुढे मेंढरांच्या कुंडाच्या देवाचा धावा केला आहे. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशूने याच कुंडापाशी केवळ शब्दाने बरे केले, अशी कथा बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) येते. एकदा घडलेला चमत्कार उच्चाराने पुन्हा घडवून आणण्याची ही रीत ख्रिस्तपूर्व मंत्रविद्येतही रूढ होती. जोआन्नियाची ओळख तिच्या आईच्या नावाने दिली आहे, तीही त्याच जुन्या मंत्रांची पद्धत. त्यानंतर ‘प्रारंभी शब्द होता’ हे त्याच शुभवर्तमानाचे पहिले वचन येते.

या ताइतातील सर्वांत लक्षवेधी भाग मला तापाच्या वर्णनाचा वाटतो. दररोज येणारा, एक दिवसाआड येणारा आणि दोन दिवस सोडून येणारा, अशा प्रत्येक तापाला व थंडीला जोआन्नियाच्या अंगातून हाकलावे, अशी विनवणी त्यात आहे. हे वर्गीकरण ग्रीक वैद्यकातले. ठरावीक अंतराने हुडहुडी भरून येणारा ताप हे हिवतापाचे लक्षण असून, परजीवींच्या जातीनुसार रक्तातील तांबड्या पेशी दर ४८ किंवा ७२ तासांनी फुटतात म्हणून हे अंतर पडते, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. म्हणजे ताईत लिहिणाऱ्याचे निरीक्षण अचूक होते. चुकले ते कारण.

मग ही जादू की प्रार्थना? चर्चच्या धुरीणांनी यावर कठोर भूमिका घेतली होती. चौथ्या शतकात आशिया मायनरमधील लाओदिकिया येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने पुरोहितांना मांत्रिक किंवा ज्योतिषी होण्यास आणि ताईत बनवण्यास मनाई केली आणि ताईत घालणाऱ्यांना चर्चमधून घालवून देण्यास सांगितले. पुरोहितांनाच असे बजावावे लागले, यावरून ताईत लिहिणाऱ्यांत तेही होते, असा अंदाज बांधता येतो. ख्रिस्ती धर्मचिंतक बिशप ऑगस्टीनचा सूर मात्र थोडा मवाळ होता: डोके दुखत असताना कोणी ताइताकडे न धावता शुभवर्तमानाचा ग्रंथ उशाशी ठेवला, तर त्याला त्याचे कौतुक वाटे, ग्रंथ त्यासाठी नसतो, हे मान्य करूनही.

जोआन्नियाच्या ताइताचा शेवट पाहिला की ही सीमारेषा किती पुसट होती ते कळते. तेथे मरियेबरोबर सेरेनस, फिलोक्सेनस, व्हिक्टर आणि जस्टस या संतांची मध्यस्थी मागितली आहे. याच संतांच्या नावांची चर्चे ऑक्सिरिंकसमध्ये होती. लिहिणाऱ्याला स्थानिक उपासना नीट ठाऊक होती, शुभवर्तमानही अवगत होते. तो एखादा पाद्री किंवा भिक्षू असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आपण धर्माबाहेर जातो आहोत असे त्याला वाटल्याची कोणतीही खूण या मजकुरात दिसत नाही.