प्रेसनोट आणि जाहिरात: वाक्य कोणाच्या तोंडचं?

‘सोबतची जाहिरात बातमी म्हणून छापावी, ही विनंती.’ मी वृत्तपत्राच्या डेस्कवर असताना अशा विषयाचा एक ईमेल आला होता. आम्ही हसलो, पण त्या माणसाने निदान मनातलं सरळ लिहिलं होतं. बाकीचे तेच मागतात, फक्त वर ‘प्रेसनोट’ असं लिहून. पुढे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेलो, इतरांसाठी प्रेसनोट, म्हणजे संस्थेची माहिती वृत्तपत्रांना कळवणारी पत्रकं, लिहू लागलो, आणि तिथे रोज एकच वाक्य कानावर पडायला लागलं: ‘जाहिरातीचं बजेट नाही ना, मग प्रेसनोट काढू.’ जणू दोन्ही माल एकच, फक्त एक रोखीने आणि दुसरा फुकट.

जाहिरात सगळ्यांनाच कळते, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. जागा विकत घ्यायची, आर्टवर्क द्यायचं, पैसे भरायचे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या आकारात, तुम्ही दिलेल्या शब्दांनिशी ती येते. कायद्यात आणि त्या माध्यमाच्या धोरणात बसणारं काहीही तुम्ही तिच्यात म्हणू शकता. ‘आम्हीच सर्वोत्तम’ म्हणा, उद्गारचिन्हांची माळ लावा, संस्थापकांचा फोटो अर्धं पान भरून छापा. वाचकाला ठाऊक असतं की हे बोलणारे तुम्ही आहात, आणि तो त्या हिशेबानेच वाचतो.

घोळाला शब्दांचाही हातभार आहे. जाहिरात विभागाला जो लेखी आदेश जातो त्याला ‘रिलीज ऑर्डर’ म्हणतात आणि बातमीच्या डेस्कला जाते ती ‘प्रेस रिलीज’, म्हणजेच प्रेसनोट. नवख्या माणसाला दोन्हीकडे ‘रिलीज’ दिसतं आणि आदेश दोन्हीकडे चालतो असं वाटतं. पहिला खरोखर आदेश आहे. दुसरी विनंतीसुद्धा नाही म्हटलं तरी चालेल. ती नुसती माहिती आहे.

आता मुख्य फरक. तो पैशाचा नाही, लांबीचा नाही, भाषा अलंकारिक की साधी याचाही नाही. प्रश्न एवढाच आहे की छापून आल्यावर ते वाक्य कोणाच्या तोंडी असेल. जाहिरातीतलं वाक्य छापण्यापूर्वीही तुमचं असतं आणि छापल्यावरही तुमचंच राहतं. प्रेसनोटमधलं वाक्य लिहिता तुम्ही, पण छापून येतं ते वृत्तपत्राच्या तोंडून. ‘अमुक सुरू झाले’ हे वाचणाऱ्याला वाटतं की पेपर सांगतोय. पेपरने आपली जीभ तुम्हाला उसनी द्यावी, असं तुम्ही मागत असता. म्हणून प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचं: ज्या माणसाचा माझ्या संस्थेशी काडीचा संबंध नाही, तो हे स्वतःच्या जबाबदारीवर म्हणेल का?

उदाहरण घेऊ. समजा, एखादी संस्था दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिपुस्तकांचं वाचनालय काढते आहे. माझ्याकडे पहिला मसुदा साधारण असा येतो:

‘वाचनप्रेमींसाठी सुवर्णसंधी! सामाजिक बांधिलकीचा वसा जपणाऱ्या आमच्या नामांकित संस्थेचे अत्याधुनिक, भव्य ध्वनिवाचनालय आपल्या सेवेत सादर करताना आम्हाला अतिशय आनंद होत आहे.’

यातलं काय पेपरच्या तोंडी शोभेल? ‘सुवर्णसंधी’ पेपर म्हणणार नाही. ‘नामांकित’ हे त्याने ठरवायचं. ‘आम्हाला आनंद होत आहे’ मधले ‘आम्ही’ कोण? उपसंपादकाला तर आनंद झालेला नाही, त्याच्यापुढे अजून चाळीस मेल पडलेत. एवढं सगळं गाळलं की उरतं ‘ध्वनिवाचनालय’. बातमी तेवढीच, आणि तीही अर्धवट: कोणासाठी, कधीपासून, किती पुस्तकं, पैसे पडणार का, यातलं काहीच नाही.

आता दुसरा मसुदा: ‘दृष्टिहीन वाचकांसाठी ४०० ध्वनिपुस्तकांचे मोफत वाचनालय सोमवारपासून सुरू होत आहे. घरबसल्या फोनवरून पुस्तक मागवता येईल.’ हे कोणीही म्हणू शकतो. उद्या ते खोटं निघालं तर तपासताही येतं. ‘भव्य’ तपासता येत नाही, ‘४००’ तपासता येतं. डेस्कवरचा माणूस नकळत हीच चाळणी लावत असतो.

मग कौतुक करायचंच नाही का? करा, पण नाव लावून. प्रेसनोटमध्ये मत मांडायला एकच जागा असते, ती म्हणजे अवतरण. ‘दृष्टिहीन मुलांना परीक्षेच्या पुस्तकांसाठी महिनोन्महिने थांबावं लागायचं, म्हणून आम्ही आधी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित केली,’ असं अध्यक्ष म्हणाले तर पेपर ते खुशाल छापेल, कारण ते अध्यक्षांच्या तोंडी आहे आणि त्यात अध्यक्षच सांगू शकतील असं काहीतरी आहे. याउलट ‘हा उपक्रम सुरू करताना अत्यंत अभिमान वाटतो’ या अवतरणाचा मला मनापासून वीट आलाय. अभिमान सगळ्यांनाच वाटतो. दिवसभर अभिमान वाचून काढणाऱ्या माणसाची थोडी दया करा.

हा फरक मी शोधलेला नाही. अमेरिकेत जनसंपर्काचं काम करणाऱ्या आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये वृत्तपत्रांना एक जाहीर निवेदन पाठवलं. जनसंपर्काच्या इतिहासात ते तत्त्वांची घोषणा म्हणून ओळखलं जातं. त्याचा आशय असा होता: आमचं काम उघडपणे चालतं, आम्ही बातमी पुरवतो, आम्ही जाहिरात एजन्सी नाही, आणि आमचा एखादा मजकूर तुमच्या व्यवसाय विभागाकडे, म्हणजे जाहिराती घेणाऱ्यांकडे, जायला हवा असं वाटलं तर तो वापरू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळली आणि ५० हून अधिक माणसं मेली. रेल्वे कंपनीसाठी काम करणाऱ्या ली यांनी बातमी दाबण्याऐवजी बातमीदारांना घटनास्थळी बोलावलं आणि कंपनीचं लेखी निवेदन दिलं. न्यूयॉर्क टाइम्सने ते जसंच्या तसं छापलं. पहिली प्रेसनोट म्हणून बरेचदा याचाच दाखला देतात. अपघाताचं निवेदन जाहिरातीच्या भाषेत लिहून बघा, म्हणजे ते जसंच्या तसं का छापलं गेलं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

वाक्य पेपरच्या तोंडी जाणार हे एकदा पटलं की पुढचे बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. ‘आम्ही’ऐवजी संस्थेचं नाव. महत्त्वाचं आधी, किरकोळ शेवटी. हे शेवटचं सगळे सांगतात, पण कारण कमी जण सांगतात. छापील पानाच्या डमीवर, म्हणजे कच्च्या आराखड्यावर, आधी जाहिराती बसतात आणि उरलेल्या जागेत बातम्या. ऐन वेळी जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. जाहिरातीची शेवटची ओळ कोणी कापत नाही, तिचे पैसे भरलेले असतात. त्यामुळे जाहिरातीत खरी गंमत शेवटी राखून ठेवता येते. प्रेसनोटमध्ये ठेवली तर ती कात्रीत जाते. वेबवर कात्री नाही, पण तिथे वाचकच मध्यात निघून जातो, म्हणजे हिशेब तोच.

मजकूर आधी दाखवा, हा हट्टही इथेच गळून पडतो. जाहिरातीचं प्रूफ तपासायला मागणं तुमचा हक्क आहे. बातमीचं प्रूफ मागणं म्हणजे, तुझ्या तोंडून काय निघणार ते मला आधी ऐकव, असं म्हणणं. एखादी संख्या किंवा तांत्रिक तपशील पडताळून घ्या, असं बातमीदाराला जरूर सुचवावं. मथळा मंजुरीसाठी मागू नये. छापून आल्यावर तपशिलाची चूक दिसली तर दुरुस्ती मागा, अगदी ठासून मागा. ‘मथळा आम्हाला आवडला नाही’ ही दुरुस्ती नव्हे. आणि ‘आम्ही तुमचे जाहिरातदार आहोत’ हे वाक्य तर बातमीच्या डेस्कवर कधीही, कुठल्याही सुरात उच्चारू नका. त्याने बातमी लागत नाही. तुमची प्रत्येक नोट पुढे संशयाने वाचली जाते, एवढं मात्र होतं.

एम्बार्गोचंही तसंच. ‘अमुक वेळेआधी प्रसिद्ध करू नये’ असं लाल अक्षरांत लिहून शंभर जणांना मेल टाकला म्हणजे एम्बार्गो झाला, अशी समजूत आहे. जाहिरातीत तारीख तुम्ही ठरवता म्हणून ती पाळली जाते. एम्बार्गो हा करार असतो. समोरच्याने आधी ‘हो’ म्हणायला हवं, मग मजकूर द्यायचा. न विचारता पाठवलेल्या मजकुराला तो बांधील नाही, आणि त्याने आधी छापलं तर विश्वासघात वगैरे काही झालेला नाही.

डिझाइनबद्दल मी जरा जास्त चिडतो, ते चालवून घ्या. जाहिरात हे बंद पाकीट असतं: अक्षरं, चित्र, रंग सगळं एकत्र गोठवलेलं, छपाईच्या रंगांत बदललेलं, मासिक असेल तर कडेला कापणीची जागा सोडलेली. कोणी हात लावू नये यासाठीच तसं करतात. प्रेसनोटला मात्र हात लावला जाणारच आहे, म्हणून ती सुटी हवी. मजकूर युनिकोडमध्ये, कॉपी करता येईल असा, शक्यतो ईमेलच्या अंगातच. फोटो वेगळे, मूळ जेपीजी, त्यांवर लोगो नाही, चौकट नाही, ‘हार्दिक शुभेच्छा’ नाही. १५ सेंटिमीटर रुंदीचा फोटो ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचा तर रुंदीत साधारण १,८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून छोटा होतो, म्हणून तिथून धाडायचाच तर डॉक्युमेंट म्हणून धाडा.

डेस्कवर पहिल्याच वर्षी एका कार्यक्रमाची नोट आली. चार रंगांत, सोनेरी किनार, आणि मजकूर चित्रात रुतलेला. एक अक्षर कॉपी होत नव्हतं. मी ती सगळी हाताने टाइप केली आणि घाईत पाहुण्यांचं आडनाव चुकवलं. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी फोनवर मला जे सुनावलं ते अजून आठवतं. चूक माझी होती, मान्य. पण मजकूर सुटा असता तर ती करायची संधीच मला मिळाली नसती. तेव्हापासून मी फोटोओळीत डावीकडून उजवीकडे पूर्ण नावं आणि पदं लिहितो, आणि लिहिलेलं नाव त्या माणसालाच एकदा वाचून दाखवतो.

किरकोळ फरक एका दमात: प्रेसनोटवर तारीख, गाव आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर हवा, एक पान पुरतं, वर ‘तात्काळ प्रसिद्धीसाठी’ लिहिलं काय आणि न लिहिलं काय, फारसा फरक पडत नाही. मेल पोचला का हे विचारायला पाच मिनिटांत फोन करू नका.

बातमी आल्यावर ‘एवढी जागा जाहिरातीला घेतली असती तर किती पडले असते’ असा गुणाकार करून तो अहवालात मिरवायची रीत आहे. जनसंपर्काच्या मोजमापाचं काम करणाऱ्यांनी २०१० मध्ये ‘बार्सिलोना तत्त्वं’ नावाच्या आपल्या निवेदनात स्पष्टच म्हटलं की जाहिरातमूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. तरी तो आकडा मरत नाही, कारण तो मोठा दिसतो. त्यात ‘संस्थेवर टीका’ या बातमीचे कॉलम सेंटिमीटरही खुशाल धरले जातात! जागा मोजली, बोललं काय गेलं ते मोजलंच नाही.

पैसे देऊन छापलेला, पण बातमीसारखा दिसणारा मजकूर हा तिसरा प्रकार. त्यावर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं ठळक लिहिलं असेल तर ती जाहिरातच, फक्त गद्यात. लिहिलं नसेल तर ती वाचकाची फसवणूक आहे, आणि तिला जनसंपर्क म्हणू नये.

मग कधी काय वापरायचं? तारीख, जागा, शब्द यांपैकी एकही हलून चालणार नसेल तर जाहिरात. अर्जाची शेवटची तारीख, निविदा, भागधारकांची सभा यांसाठी प्रेसनोटवर विसंबणं म्हणजे जुगार. एखादं उत्पादन सदोष निघाल्यामुळे बाजारातून परत मागवायचं असेल तर दोन्ही लागतात. कोणत्या बॅचचे क्रमांक, कुठे परत करायचं, पैसे कसे मिळतील, हे जाहिरातीत, अक्षर न अक्षर तुमच्या ताब्यात. दोष काय होता, कधी कळला, कोणाला इजा झाली का, हे प्रेसनोटमध्ये. आणि ती पाठवल्यावर फोनजवळ बसायचं, कारण त्यानंतर प्रश्न येतात.