दुपारी मिटलेली मॉर्निंग ग्लोरी आजारी नसते

सोलापुरात गच्चीवर वेल चढवणाऱ्यांत एक समज पक्का बसला आहे: मॉर्निंग ग्लोरीची फुलं अकरा-बारालाच मिटली की वेलाला रोग लागला, लगेच युरिया टाका. ते चूक आहे. या वेलाचं एक फूल एका सकाळपुरतंच असतं. पहाटे उमलतं, ऊन चढलं की सुकतं. दुसऱ्या दिवशी नवी कळी उघडते. निळं फूल मिटताना जांभळट होतं, तोही रोग नव्हे. पाकळ्यांतल्या पेशीरसाची आम्लता बदलते, म्हणून रंग बदलतो.

युरिया मात्र खरंच नुकसान करतो. त्यातून नत्र (नायट्रोजन) वाढलं की पानं भरघोस, फुलं नावाला. कोवळ्या लुसलुशीत फुटीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तर आमंत्रण दिल्यासारखा येतो!

खरा आजार पानाच्या मागे शोधा. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पानावर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा, दर दोन-तीन दिवसांनी. नळाला रोज पाणी येत नाही हे मान्य. स्प्रेची बाटलीही चालते. पावसाळ्यात पानामागे पांढरे फोड आले, तर तो पांढरा तांबेरा, बुरशीसारखा रोग. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत नको.

अळीने पानं चाळणी केली म्हणून वेल उपटू नका. खोड शाबूत असेल तर पेरांतून पुन्हा फूट येते.