अ‍ॅनिमेशनपटाचा उत्तरभाग

आधीच्या अ‍ॅनिमेशनपटातील पात्रे, त्यांचे जग आणि बहुधा कथासूत्रही पुढे नेणारा स्वतंत्र चित्रपट. चित्रपट व्यवसायात त्याला सिक्वेल म्हणतात. एकाच पात्रावर बेतलेली लघुपटांची मालिका, दूरदर्शन मालिकेतील भाग किंवा जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती यांचा त्यात समावेश होत नाही; मात्र या सीमारेषा सर्वत्र सारख्या काटेकोरपणे पाळल्या जात नाहीत. गाजलेल्या कथेला दुसरा भाग जोडण्याची प्रथा चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे. भवभूतीने महावीरचरितानंतर उत्तररामचरित लिहिले आणि रसिकांनी दुसऱ्यालाच श्रेष्ठ मानले.

पहिला उत्तरभाग कोणता, याविषयी एकमत नाही. अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांनी ‘गर्टी द डायनोसॉर’ (१९१४) या लघुपटातील डायनोसॉरला घेऊन ‘गर्टी ऑन टूर’ हा दुसरा लघुपट हाती घेतला (सु. १९१८–२१). तो पूर्ण झाला नाही आणि त्याचे काही तुकडेच आज उपलब्ध आहेत, त्यामुळे त्याला आरंभबिंदू न मानता पूर्वप्रयत्न म्हणणे योग्य. डिस्नेचा ‘थ्री लिटल पिग्ज’ (१९३३) हा लघुपट अतोनात गाजल्यावर वितरकांच्या आग्रहाखातर त्याच डुकरांवर १९३४, १९३६ व १९३९ मध्ये आणखी तीन लघुपट निघाले. पहिल्याची लोकप्रियता एकालाही लाभली नाही. डुकरांवर मात करायला पुन्हा डुकरेच आणून भागत नाही, असा निष्कर्ष वॉल्ट डिस्ने यांनी यातून काढल्याचे सांगितले जाते. त्यांच्या हयातीत संस्थेने पूर्ण लांबीच्या उत्तरभागाकडे जवळजवळ पाठच फिरवली, त्यामागे हा अनुभव असावा.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांपुरते पाहिले तर दोन दावे उरतात. पहिला डिस्नेच्या ‘द थ्री कॅबालेरोज’चा. डिसेंबर १९४४ मध्ये मेक्सिकोत आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात ‘सालूदोस अमिगोस’मधील (१९४२) डोनाल्ड डक आणि ब्राझीलचा पोपट जोझे कारिओका पुन्हा दिसतात. दुसरा दावा जपानचा आहे. दिग्दर्शक मित्सुयो सेओ यांनी जपानी नौदलाच्या पाठबळावर मोमोतारो या लोककथेतील नायकाला घेऊन ‘मोमोतारो नो उमिवाशी’ (१९४३) आणि त्यानंतर ‘मोमोतारो : उमि नो शिन्पेइ’ (एप्रिल १९४५) हे युद्धप्रचारपट केले. दुसऱ्याची लांबी ७४ मिनिटे असून तो जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट समजला जातो. युद्धानंतर नष्ट झाला असे समजल्या गेलेल्या या चित्रपटाची प्रत १९८० च्या दशकात निर्मितीसंस्थेच्या गोदामात सापडली. तोवरच्या लेखनात त्याचा विचार अपुरा का झाला, याचे हे एक सरळ कारण आहे.

वादाचे मूळ पहिल्या भागांच्या लांबीत आहे. ‘सालूदोस अमिगोस’ ४२ मिनिटांचा आणि ‘उमिवाशी’ ३७ मिनिटांचा. चाळीस मिनिटांपेक्षा लांब तो पूर्ण लांबीचा चित्रपट, ही ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीची व्याख्या लावली की पहिला आत येतो आणि दुसरा अवघ्या तीन मिनिटांनी बाहेर राहतो. परंतु मिनिटे मोजून हा प्रश्न सुटत नाही. डिस्नेचे दोन्ही चित्रपट सुट्या तुकड्यांचे संकलन आहेत, त्यांत एक कथा पुढे सरकत नाही. मोमोतारोच्या दोन्ही चित्रपटांत नायक तोच, त्याचे प्राणिसैन्य तेच आणि दिग्दर्शकही तोच आहे. शिवाय पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर इंडोनेशियातील सेलेबीझ बेटावरील छत्रीधारी सैन्याची मोहीम, असा घटनाक्रमही लागतो. डिस्नेच्या बाबतीत पहिला उत्तरभाग म्हणून सहसा १९९० चाच चित्रपट सांगितला जातो, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागेल. प्रचारपट म्हणून मोमोतारोचे मूल्य काहीही ठरो, उत्तरभाग या संज्ञेला तो अधिक उतरतो.

१९९० चा तो चित्रपट म्हणजे ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’; मूळ चित्रपट १९७७ चा. कागदावरची रेखाटने संगणकात घेऊन रंगभरणी व जुळणी पूर्णपणे तिथेच झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पारदर्शक पत्र्यांवर हाताने रंग भरण्याची अनेक दशकांची पद्धत त्याने मोडीत काढली. उत्पन्न मात्र बेताचे झाले. पुढे ‘द रिटर्न ऑफ जाफर’ (१९९४) थेट व्हिडिओ कॅसेटवर आला आणि तुफान खपला. दूरदर्शन विभागाकडून कमी खर्चात करून घेतलेल्या अशा उत्तरभागांची रीघ त्यानंतर दशकाहून अधिक काळ लागली होती. त्यांतील चित्रांचा दर्जा मूळ चित्रपटांच्या जवळपासही नव्हता, हे मान्य करायला हवे.

पिक्सार या संस्थेने घडवलेला ‘टॉय स्टोरी २’ (१९९९) याच वाटेने निघाला होता. कॅसेटपुरता ठरलेला हा चित्रपट १९९८ मध्ये चित्रपटगृहांसाठी बढती पावला. त्याच वर्षी एका चुकीच्या आज्ञेने संगणकावरील त्याच्या फायली भराभर पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतही निकामी निघाली. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका तांत्रिक पर्यवेक्षिकेच्या संगणकावर बरीच ताजी प्रत होती, तीवरून काम पुन्हा उभे राहिले. हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा असूनही मागे पडतो. वाचवलेला तो चित्रपट समाधानकारक नाही असे ठरवून दिग्दर्शक जॉन लॅसेटर व सहकाऱ्यांनी कथा बऱ्याच अंशी नव्याने मांडली आणि सुमारे नऊ महिन्यांत नोव्हेंबर १९९९ ची तारीख गाठली. अतिश्रमाने अनेक कलावंतांच्या मनगटांना व हातांना इजा झाल्या. म्हणजे जपलेल्या फायलींपैकी मोठा भाग अखेर वापरलाच गेला नाही. उत्तरभागाच्या निर्मितीत सर्वांत महाग वस्तू कथा असते, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

निर्मितीचे टप्पे मूळ चित्रपटासारखेच असतात : कथा, स्टोरीबोर्ड (दृश्यांची क्रमवार रेखाटने), तात्पुरत्या आवाजांसह जोडलेली चित्रफीत, आवाजाचे ध्वनिमुद्रण, पात्रांची संगणकीय प्रतिमाने आणि त्यांचे हालणारे सांगाडे, हालचाल, प्रकाशयोजना, रेंडरिंग (संगणकाने अंतिम चित्रे तयार करणे). पात्रे तयारच असल्याने दुसरा भाग स्वस्त व लवकर होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती फारशी खरी नाही. सोलापुरातील चादरीच्या कारखान्यांत हे चटकन समजते. जॅकार्ड मागावरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा एक छेद. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडतात. माग तोच असेपर्यंत तो कार्डांचा संच पुन्हा चढवता येतो, पण इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आला की तीच नक्षी संगणकावर नव्याने मांडावी लागते. ‘टॉय स्टोरी ३’च्या (२०१०) वेळी नेमके असे झाले. १९९५ मधील पात्रांच्या फायली उघडत होत्या, पण बदलत्या प्रणालींमुळे त्यांवर काम करणे शक्य नव्हते. वुडी आणि बझ ही मुख्य पात्रे पुन्हा घडवावी लागली. आणि नवे घडवलेले पात्र प्रेक्षकाला जुनेच वाटले पाहिजे, ही अट आणखी अवघड.

मालकी हक्काचा प्रश्नही याच चित्रपटाने पुढे आणला. पात्रांचे हक्क डिस्नेकडे आणि ती घडवणारे हात पिक्सारकडे, अशी स्थिती असताना दोन्ही संस्थांचे बिनसले. तेव्हा डिस्नेने ‘सर्कल सेव्हन’ हा वेगळा विभाग उभारून पिक्सारविना तिसऱ्या भागाची कथा सुरू केली. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार विकत घेतल्यावर तो विभाग बंद पडला आणि कथाही सोडून देण्यात आली.

आवाजाच्या बाबतीत काळ आड येतो. ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) आणि त्याचा दुसरा भाग (२०१८) यांत चौदा वर्षांचे अंतर. पडद्यावरचा लहानगा डॅश तेवढाच राहिला, त्याला आवाज देणारा मुलगा मोठा झाला आणि नवा घ्यावा लागला. ‘टॉय स्टोरी ३’मध्ये उलट पात्र वाढवले गेले, त्यामुळे अँडी या मुलाला आवाज देणारा मूळ बालकलाकार जॉन मॉरिस तरुण आवाजात परत येऊ शकला.

आर्थिक यशाबाबत अलीकडे उत्तरभागच आघाडीवर आहेत. ‘इनसाइड आउट २’ने (२०२४) दीड अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आणि २०२५ मध्ये चीनच्या ‘नझा २’ने दोन अब्जांहून अधिक उत्पन्न मिळवून सर्व अ‍ॅनिमेशनपटांना मागे टाकले.

भारतात अ‍ॅनिमेशनची सुरुवात दादासाहेब फाळके यांच्या ‘आगकाड्यांची मौज’पर्यंत (सु. १९१५) नेली जाते. पूर्ण लांबीच्या उत्तरभागाचे ठळक उदाहरण मात्र बरेच उशिराचे : व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’नंतर (२००५) अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केलेला ‘रिटर्न ऑफ हनुमान’ (२००७). यात पुराणकथा पुढे न जाता हनुमान आजच्या गावात बालरूपाने अवतरतो. काटेकोर अर्थाने त्याला उत्तरभाग म्हणावे का, हा प्रश्न राहतो. दैवत तेच आणि पहिल्या चित्रपटाच्या यशावर उभारणी झालेली, म्हणून येथे त्याचा समावेश केला आहे.

सोलापूरसारख्या शहरात उत्तरभाग प्रेक्षकापर्यंत पोहोचतो तो बहुधा डबिंगमधून, आणि तिथे त्याची वेगळी कसोटी लागते. पूर्व भागातील पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडे कन्नड, बाजारात व शाळेत मराठी, दूरचित्रवाणीवर हिंदी; एकाच बाकावरची मुले वेगवेगळ्या भाषांत चित्रपट पाहून येऊ शकतात. ‘स्पायडर-मॅन : अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा उत्तरभाग जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठी, तेलुगू, कन्नड व हिंदी या चारही होत्या. त्यातील पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आणि मुंबई-मॅनहॅटनच्या मिश्रणातून रचलेले त्याचे शहर यांमुळे येथील मुलांना ही भाषांतरे अधिक जवळची वाटावीत.

डबिंग करताना ओठांची हालचाल मूळ इंग्रजी संवादाला बांधलेली असते. ओठ मिटतात त्या क्षणी प, ब किंवा म यांपैकी काही यावे लागते. शिवाय मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्याने पात्राचा हातवारा आणि शब्दावरचा जोर जुळवून घ्यावा लागतो. उत्तरभागात यात भर पडते ती सातत्याची. पहिल्या भागात एखाद्या पात्राला दिलेली बोली, परस्परांना अरे-तुरे की अहो-जाहो, ठरावीक उद्गार, हे सारे दुसऱ्या भागाला बंधनकारक असते. पहिला भाग मराठीत आलाच नसेल, तर लेखकाला हे सर्व मधूनच ठरवावे लागते आणि पुढच्या भागासाठी लिहून ठेवावे लागते.