चिकटपट्टीखालचा 'क्लास १'

गणपतीच्या आधी एमडीएफचं मखर कापून घ्यायला एका दुकानात गेलो होतो. लेझर कटरवर 'क्लास १'चा स्टिकर, झाकण सताड उघडं, आत कटिंग जोरात. झाकण उघडताच लेझर थांबवणाऱ्या मायक्रोस्विचचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. "काका, क्लास वन म्हणजे सगळ्यात कमी पॉवर," मशीनवरच्या पोराने मलाच समजावलं. आत लेझरची नळी होती ६० वॅटची.

हा समज फार जणांचा आहे. सुरक्षेचा हा क्लास नळीचा नसतो, अख्ख्या यंत्राचा असतो. यंत्र ठरल्याप्रमाणे वापरताना किती प्रकाश माणसापर्यंत पोचू शकतो, यावर आयईसी ६०८२५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक तो ठरवतं. अखंड चालणाऱ्या, डोळ्याला दिसणाऱ्या किरणासाठी १ मिलिवॅटपर्यंत क्लास २, कारण पापणी पाव सेकंदात मिटते. ५ पर्यंत ३आर, ५०० पर्यंत ३बी, पुढचं सगळं ४. ६० वॅट म्हणजे ६०,००० मिलिवॅट. झाकण बंद असेपर्यंत यंत्र क्लास १, उघड्या झाकणाने किरण चालू राहिला की सरळ ४.

इजाही लेझरप्रमाणे वेगळी. अशा नळीतला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली बेल लॅब्जमध्ये घडवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात! या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. हा किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातच शोषला जातो, म्हणजे भाजतो तो पडदा. साधं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकही त्याला अडवतं. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या डायोड लेझरला मात्र तेच अ‍ॅक्रिलिक मोकळा रस्ता देतं. तो किरण थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पोचतो आणि ७ मिलिमीटरच्या बाहुलीतून शिरलेला प्रकाश २० मायक्रोमीटरच्या ठिपक्यात गोळा होतो. तीव्रता सुमारे सव्वा लाख पट. (जाहिरातीतला डायोडचा '४० वॅट' हा आकडा पुष्कळदा विजेचा असतो, प्रकाशाचा नव्हे. पण डोळ्याला ५ वॅटही भरपूर झाले.)

आता माझा लाडका विषय, तो स्विच. स्वस्त रचनेत बंद झाकण बटण दाबतं, संपर्क जुळतो, लेझरला परवानगी मिळते. झाकण उघडलं की स्प्रिंग बटण वर ढकलते आणि संपर्क तुटतो. म्हणजे ऐन धोक्याच्या क्षणी सगळी भिस्त स्प्रिंगवर. स्प्रिंग थकली, काजळीने बटण अडकलं, ठिणगीने संपर्काची टोकं वेल्ड झाली, तर झाकण उघडूनही सर्किट जोडलेलंच. चिकटपट्टीचं तर विचारूच नका.

उलट्या रचनेत झाकण बंद असताना स्विचला कशाचाच स्पर्श नसतो, संपर्क मुळातच जुळलेला. झाकण उचललं की बिजागरीवरचा कॅम (उंचवट्याची चकती) स्विचची दांडी दाबतो आणि दांडी संपर्काच्या टोकांना सरळ ढकलून वेगळं करते. मध्ये स्प्रिंगचा भरवसा नाही. टोकं चिकटली असली तरी उचलणाऱ्याच्या हाताच्या जोरानेच सुटतात. अशा स्विचवर वर्तुळातल्या बाणाची खूण असते. खोट एकच. झाकणच काढून ठेवलं किंवा कॅम निखळला, तर याला पत्ताच लागत नाही. तिथे मात्र पहिला गरीब स्विच इमानाने काम करतो! म्हणून एका झाकणाला दोन्ही जातींचे स्विच लावतात, दोघांची फसायची कारणं वेगळी. ते सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेवर एकापाठोपाठ जोडले तर एक मेला तरी दुसरा त्याची लाज राखतो आणि बिघाड झाकलेलाच राहतो. सेफ्टी रिले नावाचं उपकरण दोघांना स्वतंत्र वाचतं, दोघांचं जुळलं नाही तर यंत्र सुरूच होऊ देत नाही. तार फक्त कंट्रोलरच्या प्रोग्रामकडे नेणंही बरं नव्हे. प्रोग्राम अडकला की संपलं, स्विचने पॉवर सप्लायच तोडायला हवा. आणि झाकण पुन्हा बंद केल्यावर किरण आपोआप सुरू होता कामा नये.

त्या मशीनला लिंबू-मिरचीही टांगली होती. ती निरुपद्रवी. खंडेनवमीचं हळद-कुंकू मात्र लेन्सवर उडालं तर ती भुकटी उष्णता शोषते आणि लेन्स तडकते.

चिकटपट्टी का लावली, हे विचारलं. बिजागरी सैल झालेली, हेड झटक्याने वळलं की झाकण थरथरायचं, स्विच क्षणभर सुटायचा आणि अख्खी शीट वाया. पाना मागून घेतला, बिजागरी आवळली, स्विच बसवलेलं ब्रॅकेट दोन मिलिमीटर वर सरकवलं. या खटपटीत उशीर झाला. मखर दुसऱ्या दिवशी मिळालं.