ग्रामवनांतील सस्तन प्राणी

गावाच्या ताब्यातील किंवा वहिवाटीतील जंगलात राहणारे सस्तन प्राणी आणि त्यांचे संरक्षण. ग्रामवनाची तरतूद भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २८ मध्ये आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक जंगल राखण्याचा हक्क दिला. देवाच्या नावाने राखलेली राने, म्हणजे देवराया, त्याहून कितीतरी जुन्या. जंगल कोणाचेही असो, शिकारबंदी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लागू आहेच.

महाराष्ट्रातील अशा जंगलांत बिबट्याची ये-जा असते, पण कायमचा मुक्काम लहान प्राण्यांचा: ससा, मुंगूस, साळिंदर, रानमांजर, उदमांजर, भेकर. सह्याद्रीत पिसोरी हे चिमुकले हरीण, तर पूर्व विदर्भात अस्वल. यांतले बरेच निशाचर असल्याने गावकऱ्यांनाही ते खुणांवरूनच कळतात. पायवाटेवर पडलेला साळिंदराचा काटा, उदमांजराच्या विष्ठेतल्या फळांच्या बिया, अस्वलाने उकरलेले वारूळ. राज्यप्राणी शेकरू मात्र दिवसा दिसतो. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतो. त्यामुळे मधली चार मोठी झाडे तुटली की त्याची वाटच बंद होते. जुन्या झाडांच्या देवराया त्याला मानवतात त्या यामुळेच.

खवल्या मांजराची गोष्ट वेगळी. मुंग्या-वाळवी खाणारा हा बिनदातांचा प्राणी संकटात अंगाची गुंडाळी करतो. बिबट्यापुढे ही युक्ती बरेचदा चालते, माणसापुढे नाही. गुंडाळी झालेले जनावर सरळ उचलून पोत्यात टाकता येते. खवल्यांची तस्करी होते आणि मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, म्हणून घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था कोकणातील गावांना सोबत घेऊन त्याच्या रक्षणाचे काम करते.

कागदोपत्री हक्कापेक्षा गावाचे रोजचे निर्णय प्राण्यांना जास्त भोवतात किंवा तारतात. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. आग पसरली तर सशाची पिल्लेही त्यात सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. विडीच्या तेंदूपानांसाठी झाडे छाटावी लागतात आणि जंगल पेटवले जाते, म्हणून गावाने हातचे उत्पन्न सोडून ती तोडणीच बंद केली. शिवाय जंगलाचा एक भाग पूर्ण राखीव ठेवला. असा निर्णय सरकारी आदेशाने क्वचितच झाला असता.

अवघड प्रश्न शिवाराच्या कडेला आहे. रानडुकरे एका रात्रीत भाताचे किंवा भुईमुगाचे वावर उलथून टाकतात. पीकनुकसानीची सरकारी भरपाई असली तरी पंचनाम्याला वेळ लागतो. मग बांधावर फासे लागतात, तारेत वीज सोडली जाते, आणि त्यात डुकराऐवजी बिबट्या किंवा तरसही अडकते.