स्टेट पेन्शन (ब्रिटन) : रोजच्या निर्वाहाला पुरते का?

स्टेट पेन्शन : ब्रिटनमध्ये ठरावीक वय गाठलेल्या आणि नॅशनल इन्शुरन्स या सरकारी सामाजिक विमा योजनेची वर्गणी पुरेशी वर्षे भरलेल्या माणसाला सरकारकडून तहहयात मिळणारी रक्कम. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या पद्धतीची (एप्रिल २०१६ पासून पेन्शनचे वय गाठणाऱ्यांसाठीची) पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड, म्हणजे वर्षाकाठी ११,९७३ पौंड होती. एप्रिल २०२६ पासून ती आठवड्याला २४१.३० पौंड झाली. एवढ्यात एकट्या माणसाचे भागते का, हे ठरवताना आधी एकच गोष्ट विचारावी लागते : राहते घर स्वतःचे आणि कर्ज फिटलेले आहे, की भाड्याचे? स्वतःचे असेल तर हात आखडून आठवडा निघतो. भाड्याचे असेल आणि दुसरी कुठली मदत नसेल, तर निघत नाही. पुढील आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, २०२५-२६ चे आहेत.

‘पेन्शनीत निघाले’ म्हटले की महाराष्ट्रात डोळ्यांसमोर येते ती सरकारी नोकराची, शेवटच्या पगाराशी बांधलेली पेन्शन. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले ते त्याच जुन्या पेन्शनसाठी. ब्रिटनच्या स्टेट पेन्शनचा शेवटच्या पगाराशी संबंध नाही. ३५ वर्षांची वर्गणी पूर्ण असली की शाळेचे मुख्याध्यापक आणि त्याच शाळेत झाडलोट करणारी बाई यांची पूर्ण पेन्शन एकच. दहा वर्षांपेक्षा कमी वर्गणी असेल तर सहसा काहीच मिळत नाही. मधल्यांना वर्षांच्या प्रमाणात मिळते. लहान मुले सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्यांच्या खात्यावर वर्षे जमा धरली जातात. भरलेली वर्गणी कुणाच्या नावाने साठत नाही. आज कामावर असलेल्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना पैसे दिले जातात. नोकरीच्या ठिकाणची पेन्शन निराळी. मालकाने नोकराला त्या योजनेत आपोआप घालण्याची सक्ती २०१२ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे आज सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना तिचा फारसा लाभ झालेला नाही.

पैसे दर चार आठवड्यांनी बँकेत जमा होतात, तेही मागील चार आठवड्यांचे. वार ठरतो नॅशनल इन्शुरन्स क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून : ०० ते १९ असतील तर सोमवार, २० ते ३९ असतील तर मंगळवार, याप्रमाणे शुक्रवारपर्यंत. विजेचे, पाण्याचे, इंटरनेटचे हप्ते मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जातात. चार आठवडे आणि महिना हे दोन काटे कधीच जुळत नाहीत. तारखांची ही ओढाताण शिल्लक बाळगून असलेल्याला कळतही नाही. ज्याच्या खात्यात तीस-चाळीस पौंडच उरतात, तो कॅलेंडरवर दोन्ही तारखांभोवती गोल काढून ठेवतो.

ही पेन्शन पोट भरण्यापुरती तरी असावी की नुसता हातभार, हा वाद तिच्या जन्मापासूनचा आहे. १९०८ च्या कायद्याने १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला कमाल ५ शिलिंग (२० शिलिंग म्हणजे एक पौंड) मिळू लागले. उत्पन्नाची चौकशी होई, वर्तनाचीही. तुरुंगवास भोगलेल्यांना आणि कामचुकार ठरलेल्यांना ती नाकारता येत असे. हेतू हातभाराचाच होता. अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या डिसेंबर १९४२ च्या सरकारी अहवालाने मोठी उडी घेतली : वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला जगण्यापुरते हक्काने मिळावे, चौकशीचा अपमान नको. पण खुद्द बेव्हरिज एका ठिकाणी अडले, आणि ते ठिकाण होते घरभाडे. देशात जागोजागी भाडे इतके वेगळे होते की सर्वांना एकच रक्कम द्यायची तर कुणाला ती जास्त आणि कुणाला अपुरी पडणार, हे त्यांनी अहवालात मोकळेपणाने मांडले आणि शेवटी एक सरसकट आकडा धरून पुढे गेले. महायुद्धानंतरच्या ॲटली सरकारने एकट्यासाठी २६ शिलिंगांची पेन्शन लागू केली. ती पुरत नव्हती, म्हणून १९४८ मध्येच उत्पन्न तपासून देण्याच्या ‘नॅशनल असिस्टन्स’ची जोड द्यावी लागली. जी चौकशी पुढच्या दाराने घालवली, ती मागच्या दाराने परत आली. आजच्या साऱ्या अडचणीचे मूळ या १९४० च्या दशकातल्या तडजोडीत आहे, असे या नोंदीचे मत आहे.

नंतरचा इतिहास बराचसा वाढीच्या सूत्राचा आहे. १९८० मध्ये थॅचर सरकारने पेन्शनची वाढ पगारवाढीपासून तोडून फक्त महागाईशी बांधली. वस्तूंचे भाव चढले तेवढीच पेन्शन चढली, पण बाकीचा देश पगाराबरोबर पुढे गेला. १९७९ च्या सुमारास मूळ पेन्शन सरासरी पगाराच्या चौथ्या हिश्शाएवढी होती. वीस वर्षांत ती सहाव्या हिश्शापर्यंत घसरली. एप्रिल २००० मध्ये महागाई कमी असल्याने पेन्शन ६६.७५ वरून ६७.५० पौंड झाली. आठवड्याला ७५ पेन्सची ही वाढ म्हाताऱ्यांना इतकी झोंबली की ‘७५ पेन्स’ हा शब्द आजही तिथल्या राजकारणात धाक म्हणून वापरला जातो. २०१० मध्ये जाहीर झालेला ‘ट्रिपल लॉक’ त्याच जखमेवरचा उपाय : पगारवाढ, महागाई किंवा अडीच टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी वाढ. २०२२-२३ मध्ये त्यातला पगारवाढीचा भाग एका वर्षापुरता बाजूला ठेवला गेला आणि वाढ ३.१ टक्के मिळाली. नेमक्या त्याच वर्षी वीज-गॅसचे भाव कडाडले. एप्रिल २०२३ मध्ये १०.१ आणि २०२४ मध्ये ८.५ टक्के वाढ झाली, तेव्हा कुठे तोल सावरला. सूत्राबाहेर राहिलेल्या बारीकसारीक रकमा मात्र गोठून गेल्या. ऐंशी वर्षांवरील व्यक्तीला १९७१ पासून मिळणारी जादा रक्कम आठवड्याला २५ पेन्स होती, आजही २५ पेन्सच आहे. १९७२ चा १० पौंडांचा नाताळ बोनसही तेवढाच. तेव्हा दहा पौंडांत सणाचा किराणा भरत असे.

आता घरखर्च. इंग्लंडमध्ये एकटी राहणारी, स्वतःच्या घराची मालकीण असलेली एक बाई धरू. तिच्या हाती आठवड्याला २३०.२५ पौंड येतात. घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स ‘डी’ वर्गातल्या (हे वर्ग घराच्या किमतीवरून ठरतात) घराला सरासरी २,२८० पौंड आहे. एकटे राहणाऱ्याला चौथा हिस्सा सूट, म्हणजे आठवड्याला सुमारे ३३ पौंड. वीज आणि गॅसची नियामकाने ठरवलेली मर्यादा साधारण वापराच्या घराला ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षाला १,७५५ पौंड, म्हणजे आठवड्याला ३४. घर लहान असले तरी म्हातारे माणूस दिवसभर घरातच असते, त्यामुळे हीटर फार बंद ठेवता येत नाही. पाणी सुमारे १२, टीव्हीचा परवाना ३ पौंडांहून थोडा जास्त. घराचे दार न उघडताच ८२ पौंड गेले. उरलेल्या १४८ मध्ये किराणा, फोन, घराचा विमा, कपडे, नातवंडांचे वाढदिवस आणि कधीतरी बिघडणारा, घर तापवणारा बॉयलर. निगुतीने राहणारीचे यात भागते. पण बॉयलर बदलायची वेळ आली, की महिन्यांची बचत एका दिवसात जाते.

हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी, कारण मराठी वाचकाला ती सहज दिसत नाही. डॉक्टर आणि हॉस्पिटल यांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य सेवेमुळे पडत नाही. साठीनंतर इंग्लंडमध्ये औषधांची चिठ्ठी आणि डोळ्यांची तपासणी फुकट होते. पेन्शनच्या वयाला बसचा पास मिळतो. आपल्याकडे म्हातारपणाची पुंजी ज्या आजारपणात संपते, ते ओझे तिथे बरेचसे सरकारवर आहे. अपवाद देखभालीचा. अंथरुणाला खिळलेल्याला वृद्धाश्रमात ठेवायचे तर इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असणाऱ्याने सारा खर्च स्वतः करायचा, आणि त्यात बहुधा घरच विकले जाते.

‘किमान’ जीवनमानाला किती लागते, याचा नेहमी दाखला दिला जाणारा मापदंड पेन्शन्स यूके ही संस्था लफबरो विद्यापीठाच्या संशोधनावरून प्रसिद्ध करते. २०२५ मध्ये तो एकट्यासाठी १३,४०० पौंड आणि जोडप्यासाठी २१,६०० पौंड होता. त्यात गाडी नाही, घरभाडे तर मुळीच धरलेले नाही. एकट्याची पूर्ण पेन्शन या रेषेच्या १,४२७ पौंड खाली राहते. दोघांच्या दोन पूर्ण पेन्शनी मिळून २३,९४६ पौंड होतात आणि रेषेच्या वर जातात. म्हणजे पेन्शन तीच, घर तेच. दोघे असताना पुरते, जोडीदार गेला की पुरत नाही. नव्या पद्धतीत जोडीदाराची पेन्शन सहसा मागे राहिलेल्याला मिळत नाही. कौन्सिल टॅक्स एक चतुर्थांशच उतरतो आणि खोली तापवायला तेवढाच गॅस लागतो. वैधव्य हे ब्रिटनमधल्या म्हातारपणीच्या गरिबीचे एक ठळक कारण आहे ते यामुळे.

भाडेकरूंचे तर गणितच निराळे. २०२५ मध्ये ब्रिटनमधले सरासरी खासगी घरभाडे महिन्याला १,३०० पौंडांच्या वर होते. पूर्ण स्टेट पेन्शन महिन्याला येते साधारण ९९८ पौंड. भाड्यासाठी उत्पन्न तपासून हाउसिंग बेनिफिट मिळते, पण खासगी घरांसाठी त्याला स्थानिक कमाल मर्यादा आहे आणि वरचा फरक खिशातून जातो. सध्याच्या पेन्शनरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांचे घर स्वतःचे आणि कर्जमुक्त आहे, म्हणून एकूण चित्र बरे दिसते. आज चाळिशी-पन्नाशीत भाड्याने राहणारी पिढी निवृत्त होईल तेव्हा हे प्रमाण टिकणार नाही. घरभाड्यासारखा राहण्याचा खर्च वजा केल्यावर गरिबीत मोजल्या जाणाऱ्या पेन्शनरांची संख्या आजही १९ लाखांच्या आसपास आहे.

कमी पडणाऱ्यांसाठी २००३ पासून ‘पेन्शन क्रेडिट’ आहे. एकट्याचे उत्पन्न आठवड्याला २२७.१० पौंडांपर्यंत आणि जोडप्याचे ३४६.६० पर्यंत भरून दिले जाते. एप्रिल २०१६ पूर्वी निवृत्त झालेल्या, नुसती १७६.४५ पौंडांची जुनी मूळ पेन्शन असलेल्या बाईला त्यातून सुमारे ५० पौंड मिळू शकतात. शिवाय त्याच्यासोबत कौन्सिल टॅक्समध्ये सवलत, पंचाहत्तरीनंतर फुकट टीव्ही परवाना, थंडीची मदत असे बरेच काही येते. पूर्ण नवी पेन्शन या रेषेच्या तीन पौंड वर आहे. म्हणजे ज्याला दुसरे काहीच उत्पन्न नाही, तोही बहुधा रेषेच्या पलीकडे पडून या साऱ्या सवलतींना मुकतो. त्याहून मोठी अडचण अशी, की पात्र कुटुंबांपैकी सुमारे एक तृतीयांश मागणीच करत नाहीत. काहींना माहीत नसते, काहींना फॉर्म झेपत नाही आणि पुष्कळांना हात पसरल्यासारखे वाटते. बेव्हरिज यांना जी लाज संपवायची होती, तीच ही. जुलै २०२४ मध्ये सरकारने हिवाळी इंधनाची २०० ते ३०० पौंडांची मदत फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तशीच उत्पन्न तपासून मिळणारी मदत घेणाऱ्यांपुरती ठेवली, तेव्हा हेच न मागणारे गरीब सगळ्यांत आधी भरडले गेले. ओरड झाली आणि २०२५ च्या हिवाळ्यापासून ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती पुन्हा मिळू लागली.

पेन्शनचे वय एप्रिल २०२६ पर्यंत ६६ होते आणि तेव्हापासून मार्च २०२८ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने ६७ वर जात आहे. स्त्रियांचे वय ६० वरून ६५ करण्याचा १९९५ चा कायदा आणि २०११ मधली त्याची घाई यामुळे १९५० च्या दशकात जन्मलेल्या लाखो बायकांचे नियोजन कोलमडले. लोकपालाने मार्च २०२४ मध्ये भरपाई सुचवली. सरकारने त्याच डिसेंबरात ती नाकारली.

ब्रिटनमधल्या मराठी घरांना यातले दोन नियम विशेष जाचतात. पहिला वर्षांचा. चाळिशी-पंचेचाळिशीत तिकडे गेलेल्याची २० वर्षेच भरली, तर हाती १३१.५७ पौंड पडतात. राहिलेले वर्ष स्वखुशीने वर्गणी भरून विकत घेता येते : आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३. बदल्यात पेन्शन आठवड्याला सुमारे ६.५८ पौंडांनी वाढते. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. हा सौदा चांगला आहे आणि ज्यांना परवडतो त्यांनी तो चुकवू नये. पेन्शन क्रेडिट घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे, की चार आठवड्यांहून जास्त काळ मायदेशी राहिल्यास ते सहसा थांबते. त्यामुळे थंडीचे तीन महिने पुण्यात काढण्याचा बेत महागात पडतो.

दुसरा नियम गोठवणुकीचा. पेन्शन भारतातही मिळते, पण तिची वार्षिक वाढ मिळत नाही. अमेरिका, युरोपीय संघातले देश, फिलिपीन्स, जमैका येथे राहणाऱ्यांना ती मिळते. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका येथे नाही. वर्गणी दोघांनी सारखीच भरलेली असते. साडेचार लाखांच्या आसपास लोक या नियमात अडकले आहेत. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. २००५ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ड्सनी (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायपीठ) आणि २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. कायदा टिकला, पण अन्याय उरलाच. एप्रिल २०१६ मध्ये १५५.६५ पौंडांची पूर्ण पेन्शन घेऊन सांगलीला परतलेल्या नर्सला २०२५ मध्येही १५५.६५ पौंडच मिळतात. लेकीकडे लंडनला ती दोन महिने राहायला गेली आणि तसे कळवले, तर तेवढ्या आठवड्यांपुरता तिला २३०.२५ चा दर मिळतो. परत आली की पुन्हा १५५.६५.